सीमाभागातील प्रौढांचे नाट्यवर्ग : लेखन, दिग्दर्शन आणि पात्रनिवड

नाट्यकला शिकविता येते की ती केवळ उपजत असावी लागते, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो इतक्यात मिटेल असे दिसत नाही. प्रतिभा शिकविता येत नाही, हे कोणीही मान्य करील. परंतु प्रवेशाची उभारणी, संवादाची काटछाट, रंगमंचावरील हालचालींची योजना, भूमिकेसाठी योग्य माणसाची पारख या गोष्टी शिकविता येतात. आणि त्या कोणी न शिकविल्यामुळे पुष्कळशी प्रतिभा वाया जाते, असेही म्हणावे लागते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात प्रा. जॉर्ज पिअर्स बेकर नाट्यलेखनाचा वर्ग चालवीत असत. १९१४-१५ साली यूजीन ओनील हा त्या वर्गाचा विद्यार्थी होता. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांची ख्याती नाटककार म्हणून जेवढी आहे, तेवढीच नटांना तालीम देणारे गुरू म्हणूनही आहे. तेव्हा नाट्यशिक्षण ही काही परकी किंवा नवी कल्पना नव्हे.

प्रस्तुत लेखात आम्हांस या मोठ्या वादात शिरावयाचे नाही. आमचा प्रश्न मर्यादित आहे. बीदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत मराठी बोलणारा जो प्रौढ समाज आहे, त्याच्यासाठी नाट्यलेखन, दिग्दर्शन आणि पात्रनिवड यांचे वर्ग चालवावयाचे झाल्यास ते कसे असावेत, आणि मुळात ते का असावेत, एवढेच आम्ही येथे मांडणार आहोत.

प्रथम या प्रदेशाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचे त्रिभाजन झाले, तेव्हा जुना बीदर जिल्हाही तीन राज्यांत विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्याकडे आले. जहिराबाद व नारायणखेड आंध्राकडे गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद आणि कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, हे भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे १९७३ नंतरच्या कर्नाटकात राहिले. सोयरिकी, यात्रा आणि आठवडी बाजार मात्र पूर्वीप्रमाणेच चालू राहिले. औरादची लेक उदगीरला नांदते आणि आळंदचा शेतकरी उमरग्याच्या बाजाराला जातो. याच वर्षी झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५० अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ठरले. हे कलम मुलांपुरते आहे. शाळेचे वय उलटून गेलेल्या माणसाची मातृभाषा कोणी सांभाळावयाची, याविषयी कोणत्याही कलमात काही सांगितलेले नाही, आणि तशी अपेक्षाही करता येणार नाही. ते काम समाजाचे आणि साहित्यसंस्थांचे आहे.

आम्ही शाळेत काम करणारी माणसे पालकसभेत एक गोष्ट नेहमी पाहतो. चाळिशी-पन्नाशीचा एखादा पालक घरात, शेतात, बाजारात दिवसभर मराठी बोलत असतो. त्याच्या बोलण्यात म्हणी असतात, टोमणे असतात, गोष्ट सांगण्याची हातोटी असते. परंतु त्याचे शिक्षण कन्नड माध्यमातून झालेले असते, किंवा फारसे झालेलेच नसते. हजेरीपत्रकावर तो कन्नडमध्ये सही करतो. मराठीत चार ओळींचे पत्र लिहावयास सांगितले तर त्याचा हात थांबतो. अशा माणसाला आपल्या साहित्यसंस्थांत प्रवेश कोठून आहे? कवितेच्या, कथेच्या, निबंधाच्या स्पर्धा सर्व लेखणीच्या आहेत. ज्याला मराठी येते पण लिहिता येत नाही, तो तेथे श्रोता म्हणूनच राहतो. नाटक हा एकच साहित्यप्रकार असा आहे, की ज्यात तोंडी भाषेला लेखणीच्या आधी मान आहे. सीमाभागातील प्रौढांच्या नाट्यवर्गाचे खरे प्रयोजन आम्हांस येथे दिसते. चार हौशी नट तयार करणे हा त्याचा दुय्यम लाभ होय. बोलता येणाऱ्या पण लिहिता न येणाऱ्या मराठी माणसाला साहित्यात हक्काने येता यावे, हे त्याचे मुख्य काम आहे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. या भागातील मराठी ‘शुद्ध’ नाही, तीत कन्नड आणि दखनी यांची सरमिसळ आहे, मग अशा भाषेत नाटक करून मराठीची सेवा ती कोणती, असे विचारले जाते. या आक्षेपाचा विचार केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. कारण आमच्या पाहण्यात असे आले आहे, की गावोगावच्या हौशी मंडळींची उमेद इतर कोणत्याही अडचणीपेक्षा या एका शेऱ्याने अधिक खचते. एका स्पर्धेत परीक्षकांनी नटांच्या कामाविषयी अवाक्षर न काढता केवळ उच्चारांवर बोट ठेवले, आणि त्या मंडळींनी पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवले नाही.

वस्तुतः भाषांची सरमिसळ हा मराठीचा जुना स्वभाव आहे. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडशी नाते सांगतात आणि ते पुण्याच्या घरांतही सुखाने नांदतात. उलट दखनीतील ‘नक्को’ हा शब्द आपल्या ‘नको’पासून गेला. गुरुचरित्रासारखा मराठी घराघरांत पारायणाने वाचला जाणारा ग्रंथ ज्या गाणगापुराची महती सांगतो, ते गाव कलबुर्गी जिल्ह्यात अफजलपूर तालुक्यात आहे. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे श्रीमाणिकप्रभू (१८१७–१८६५) यांची पदे मराठी, कन्नड, उर्दू अशा अनेक भाषांत आहेत. ज्या मातीत एकच सत्पुरुष तीन भाषांत गातो, तेथील शेतकरी ‘काय करायलास’ किंवा ‘कामून आलास’ असे बोलला, तर त्यात भाषेचा अपराध कोणता?

रंगभूमीचा अनुभवही हेच सांगतो. आयर्लंडमध्ये जॉन मिलिंग्टन सिंज हा नाटककार १८९८ पासून अरान बेटांवर जाऊन राहिला आणि तेथील कोळी-शेतकऱ्यांचे बोलणे त्याने कान देऊन ऐकले. त्या बोलीच्या बळावर त्याने जी नाटके लिहिली, त्यांनी डब्लिनच्या अॅबी थिएटरचे नाव जगभर नेले. आपल्याकडे गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले. ते मालवणीत आहे, आणि एका खेड्यातील हौशी मंडळी नाटक बसविताना काय काय होते, हाच त्याचा विषय आहे. त्याचे हजारो प्रयोग झाले. मराठवाड्याच्या बोलीचा बाज घेऊन प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग महाराष्ट्रभर आणि परदेशातही केला. मालवणी आणि मराठवाडी यांना जे साधले, ते भालकी-औरादच्या बोलीला साधणार नाही, असे मानण्यास काही कारण नाही. मात्र एक पथ्य पाळावे लागेल. बोली ही हसू आणण्यासाठी नोकराच्या तोंडी घालावयाची वस्तू आहे, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. गंभीर माणूसही त्याच बोलीत रडतो, भांडतो, क्षमा करतो.

आणखी एक गोष्ट या जिल्ह्यांतील मंडळींना सांगण्यासारखी आहे. मराठी रंगभूमीचा उगमच कन्नड शेजारामुळे झाला. १८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसे काही करावयास सांगितले, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ झाले. ‘शाकुंतल’ (१८८०) लिहून संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव भागातील गुर्लहोसूरचे. ते काही काळ शिक्षक होते. पुढच्या काळात गिरीश कार्नाडांचे ‘हयवदन’ चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादातून आणि विजया मेहता यांच्या दिग्दर्शनातून मराठी रंगभूमीवर आले. म्हणून सीमाभागातील नाट्यवर्ग हा कन्नडपासून अंग चोरून चालविण्याचा उद्योग होऊ नये. कार्नाडांचे ‘तलेदंड’ (१९९०) बाराव्या शतकातील कल्याणवर आहे, आणि ते कल्याण म्हणजेच आपला बसवकल्याण तालुका. ज्या गावातून आपण रोज ये-जा करतो त्या गावावर शेजारच्या भाषेत मोठे नाटक लिहिले गेले, हे वर्गातील प्रत्येकास ठाऊक असले पाहिजे.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. नाट्यलेखनाचा वर्ग कोऱ्या कागदापासून सुरू करू नये. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पदे गाई आणि पात्रे प्रसंगानुसार आपापली भाषणे उत्स्फूर्तपणे करीत. संपूर्ण संवाद लिहून काढलेले स्वतंत्र मराठी गद्य नाटक, वि. ज. कीर्तन्यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’, १८६१ साली आले. मराठी नाटक अगोदर बोलले गेले आणि मागाहून लिहिले गेले. प्रौढांच्या वर्गानेही हाच क्रम धरावा. दोघांना उभे करावे, एक प्रसंग द्यावा आणि त्यांना बोलू द्यावे. तिसऱ्याने, म्हणजे ज्याला मराठी लिहिण्याचा सराव आहे अशाने, ते बोलणे जसेच्या तसे टिपून घ्यावे. मग तो कागद सर्वांपुढे मोठ्याने वाचावा आणि विचारावे, ‘यातले कोणते वाक्य काढले तर काही बिघडणार नाही?’ पहिल्या खेपेस निम्मी वाक्ये गळतात. संवादाची काटछाट म्हणजे काय, हे या एका प्रयोगाने जितके कळते तितके व्याख्यानाने कळत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्यालाही आपण नाटककार आहोत, हे याच वेळी उमगते. कारण उरलेली वाक्ये त्याची असतात.

प्रसंग कोणता द्यावा? याच भूमीतील एक उदाहरण घेऊ. दामाजीपंतांची कथा येथे प्रत्येकाने कीर्तनात ऐकलेली असते. पंधराव्या शतकातील दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. बीदरच्या दरबारात त्यांना धरून नेण्याचा हुकूम सुटला. तेव्हा साक्षात विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बीदरला गेला, धान्याचे मोल चुकते केले आणि पावती घेऊन आला. कीर्तनकाराला ही कथा जशी हवी तशी आहे. नाटककाराला मात्र तीत एक अडचण आहे. संकट देवाने निवारले, तर नायकाने काय केले? वर्गात हा प्रश्न टाकला, की विद्यार्थी आपोआप मागे मागे जाऊ लागतात आणि अखेर कोठाराच्या दाराशी येऊन थांबतात. खरे नाट्य तेथे आहे. दामाजीपंतांच्या हातात किल्ली आहे, बाहेर माणसे उभी आहेत, आणि शेजारी कोठारावरचा एक सामान्य कारकून आहे. त्यालाही बायकामुले आहेत आणि बादशहाचा रोष त्याच्यावरही होणार आहे. कारकून काय म्हणेल? तो किल्ली देईल की लपवील? एवढ्या एका प्रवेशावर चार संध्याकाळ आनंदाने जातात.

दुसरा प्रवेश दरबाराचा. येथे आमच्या मूळ मुद्द्याची परीक्षा होते. दरबाराची भाषा फारसी किंवा दखनी; येणारा माणूस मंगळवेढ्याकडचा, आणि ज्याला दरबाराच्या दारातही कोणी उभे करून घेतले नसते असा. तो कोणत्या भाषेत बोलेल? दरबारी त्याला समजून घेतील की त्याच्या बोलण्याला हसतील? पुण्यामुंबईच्या लेखकाला हा प्रवेश लिहिताना कल्पनेचा आधार घ्यावा लागेल. बीदरच्या माणसाने कचेरीत, दवाखान्यात, बसस्थानकावर असा प्रसंग स्वतः अनुभवलेला असतो. सीमाभागाजवळ उणीव म्हणून जे समजले जाते, ते नाटककाराचे भांडवल कसे होते, हे या प्रवेशातून वर्गाला दाखविता येते.

पुराणेतिहासानंतर आठवणींकडे यावे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. त्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांच्या कथा येथील घराघरांत आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले हात अजून गावात भेटतात. रोजगारासाठी हैदराबाद, पुणे, मुंबई गाठणारी घरे आहेत. हे सर्व नाटकाचे विषय आहेत. मात्र यांत जिवंत माणसांची नावे, ओळखू येतील अशा खुणा आणि जुनी वैरे रंगमंचावर आणू नयेत. गाव लहान असते. प्रेक्षकांत बसलेला माणूस आपल्याच आजोबांची कथा ऐकत असतो. नाटककाराने प्रसंगाचे मर्म घ्यावे आणि माणसे नवी घडवावीत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा.

दिग्दर्शनाच्या वर्गाविषयी एक मोठा गैरसमज आहे. दिग्दर्शन म्हणजे दिवे, ध्वनी आणि नेपथ्य अशी पुष्कळांची कल्पना असते, आणि ही साधने नाहीत म्हणून दिग्दर्शन शिकविता येत नाही, असा निष्कर्ष काढला जातो. खेड्यात आपल्याला देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा किंवा एखादा ओटा मिळेल. तेवढे पुरे आहे. दहा वाक्यांचा एक संवाद घ्यावा. एक सावकार, एक कर्जदार. प्रथम सावकाराला ओट्यावर बसवावे आणि कर्जदाराला खाली उभे करावे. मग दोघांना एकाच पातळीवर समोरासमोर आणावे. तिसऱ्या वेळी कर्जदाराला ओट्यावर चढवावे आणि सावकाराची पाठ त्याच्याकडे करावी. शब्द तेच राहतात. अर्थ तीन वेळा बदलतो. कोणी कोठे बसावे, कोणी उंबऱ्याबाहेर थांबावे, कोणाला पाणी वरून ओतावे, हे खेड्यातील माणसाला जन्मापासून ठाऊक आहे, आणि त्यात किती अन्याय भरलेला आहे हेही ठाऊक आहे. हेच ज्ञान हेतुपूर्वक वापरले म्हणजे दिग्दर्शन होते.

दिग्दर्शकाला आणखी दोन सवयी लावाव्यात. पहिली प्रयोगप्रतीची. वहीच्या एका पानावर संवाद लिहावेत, समोरचे पान कोरे ठेवावे, आणि कोण केव्हा कोठून येतो, कोठे थांबतो, केव्हा बसतो हे त्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नोंदवावे. पेन्सिल अशासाठी, की वाचनाची तालीम, उभे राहून करावयाची तालीम आणि रंगीत तालीम अशा तीन अवस्थांत या नोंदी बदलत जातात. दुसरी सवय मागच्या रांगेतून ऐकण्याची. ध्वनिक्षेपक बंद ठेवून एका माणसाला अंगणाच्या टोकाशी बसवावे. ज्या शब्दाचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचणार नाही, त्या शब्दाला त्याने हात वर करावा. येथे एक बारीक भेद शिकवावा लागतो. उच्चार अस्पष्ट असणे हा दोष आहे. उच्चार वेगळा असणे हा दोष नव्हे. मागच्या रांगेतील म्हातारीला शब्द कळला, तर दिग्दर्शकाचे समाधान झाले पाहिजे.

आता पात्रनिवडीविषयी. ज्याला आज सर्वत्र ‘ऑडिशन’ म्हणतात त्याची आपल्याकडील रीत अशी, की उमेदवाराच्या हाती एक उतारा द्यावयाचा आणि तो वाचावयास सांगावयाचा. सीमाभागातील प्रौढांच्या बाबतीत ही रीत सर्वस्वी चुकीची आहे. उतारा अडखळत वाचणाऱ्याला अभिनय येत नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही. त्याला मराठी शाळा मिळाली नव्हती, एवढेच सिद्ध होते. भारुडात किंवा भजनात ज्याने सारी रात्र लोकांना खिळवून ठेवले, तोच माणूस देवनागरी छापील कागदापुढे गप्प होतो, हे ज्याने पाहिले असेल त्यास अधिक सांगावयास नको.

यासाठी निवडीच्या चार पायऱ्या आम्ही सुचवितो. पहिल्या पायरीत उमेदवाराने स्वतःच्या पसंतीची, पाच मिनिटांची कोणतीही गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. परीक्षकांनी मध्ये बोलू नये. दुसरीत चार वाक्ये त्याला तोंडी ऐकवावीत आणि ती त्याने म्हणून दाखवावीत. यातून पाठांतरापेक्षा कान कसा आहे ते कळते. तिसरीत त्याला दुसऱ्या उमेदवाराबरोबर उभे करून एखादा प्रसंग द्यावा. येथे कोण अधिक बोलतो हे पाहू नये. दुसरा बोलत असताना कोण ऐकतो, हे पाहावे. चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक वगळली जाणारी. उमेदवाराने केलेले काम त्याला पुन्हा करावयास सांगावे, पण एक सूचना देऊन: ‘हेच आता रागाने नको, लाजून करा,’ किंवा ‘समोरचा माणूस बहिरा आहे असे समजा.’ सूचनेने ज्याचे काम बदलते तो शिकणारा नट आहे. पहिले काम कितीही चांगले असले तरी जो तेच पुन्हा करतो, त्याच्याशी तालमीत फार कष्ट पडतील.

उमेदवाराच्या बाजूनेही चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. नामांकित नटाची नक्कल करून दाखवू नये. परीक्षकांना तो नट ठाऊक असतो, उमेदवार ठाऊक नसतो. फार मोठा उतारा निवडू नये. जे वय आपले नाही त्याचा आवाज ओढूनताणून काढू नये. आणि पुण्याकडचे उच्चार आणण्याच्या भरात आपला स्वाभाविक ठेका घालवू नये. भूमिकेची तशी मागणी असेल, तर ते उच्चार तालमीत शिकता येतील. निरनिराळ्या बोली आणि प्रमाणभाषा या सर्वच नटाला आल्या पाहिजेत, हे आम्हांस मान्य आहे. मात्र हे शिक्षण निवडीनंतरचे आहे. त्याची अट आधीच घालणे म्हणजे पोहावयास आलेल्याला पोहता येत नाही म्हणून तळ्यावरून परत पाठविणे होय.

नकार कसा द्यावा, हाही शिक्षणाचा विषय आहे. मोठ्या शहरात नाकारलेला उमेदवार गर्दीत मिसळून जातो. भालकीत किंवा आळंदमध्ये तो दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर भेटतो. म्हणून निवडीची यादी भिंतीवर लावू नये. प्रत्येकाला बाजूस घेऊन निर्णय आणि त्याचे कारण सांगावे, आणि ज्याला भूमिका मिळाली नाही त्याला लेखनिक, प्रॉम्प्टर, वेशभूषा, वाद्यवादन यांपैकी नेमके काम त्याच वेळी द्यावे. नाट्यवर्ग गावात भांडणे लावण्यासाठी नाही.

स्त्रियांचा सहभाग हा या भागातील कठीण प्रश्न आहे. १९३३ साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या ही मोठी घटना ठरली होती. खेड्यात आजही ती सहज घडत नाही. त्यासाठी उपदेशापेक्षा सोय अधिक उपयोगी पडते. स्त्रियांची निवड आणि तालीम दिवसाउजेडी, शाळेच्या इमारतीत, एखाद्या शिक्षिकेच्या उपस्थितीत व्हावी. सासू किंवा नणंद बरोबर आली तर तिलाही वर्गात बसू द्यावे. ओव्या, उखाणे आणि भुलाईच्या गाण्यांचा ठेवा जिच्याकडे आहे, ती सासू पुष्कळदा सुनेपेक्षा मोठी कलावती निघते.

वेळेचा हिशेबही शेतीवर बसविला पाहिजे. कलबुर्गी हे तुरीचे कोठार. मूग-उडदाच्या काढणीपासून जी धावपळ सुरू होते ती तुरीची रास होईपर्यंत, म्हणजे जानेवारीपर्यंत चालते. त्यानंतर पावसाळ्यापर्यंतचे दिवस वर्गाला योग्य. मात्र मार्चमध्ये परीक्षा असल्याने शाळेच्या खोल्या मिळत नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये ऊन चाळीस अंशांच्या वर जाते. यास्तव फेब्रुवारीपासून आठवड्यातून तीन संध्याकाळ, प्रत्येकी दोन तास, असे बारा आठवडे धरावेत आणि परीक्षेच्या काळात देवळाच्या मंडपात बसावे. एकूण छत्तीस बैठका होतात. पहिल्या बारा ऐकणे, बोलणे आणि लेखन यांसाठी, पुढच्या सहा दिग्दर्शनाच्या अभ्यासासाठी, तीन निवडीसाठी, उरलेल्या पंधरा तालमीसाठी. अखेरीस गावाच्या यात्रेत प्रयोग करावा. स्त्रियांच्या तालमी मात्र याच हिशेबात रविवारी दिवसा घ्याव्यात.

शिकविणारे कोठून आणावयाचे, हा प्रश्न राहतो. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली स्थापन झाले. पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने १९८५ ते १९९४ या काळात सतीश आळेकरांच्या पुढाकाराने नाटककारांच्या विकासाची आणि ठिकठिकाणच्या नाट्यसंस्थांना बळ देण्याची योजना चालविली. महाराष्ट्र शासनाचे सांस्कृतिक कार्य संचालनालय नाट्यप्रशिक्षण शिबिरे भरवीत आले आहे. हे सर्व उपयुक्त आहे, पण आम्हांस अधिक जवळचे उदाहरण वाटते ते कर्नाटकातलेच. शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू या खेड्यात १९४९ साली के. व्ही. सुब्बण्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निनासम् ही संस्था काढली. १९८० साली तेथे नाट्यशिक्षणाची शाळा निघाली, आणि १९८५ पासून ‘तिरुगाट’ या नावाने त्यांची नाटके कर्नाटकभर फिरू लागली. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरापासून दूर असलेल्या खेड्यात, शेतकरी आणि शिक्षक यांच्या बळावर, नाट्यशिक्षण किती उंच जाऊ शकते याचे हे उदाहरण आहे. म्हैसूरच्या रंगायणाची शाखा पुढे कलबुर्गीतही आली. तेथील कन्नड प्रयोग आपल्या वर्गाने आवर्जून पाहावेत. भाषा शेजारची असली तरी रंगमंचावरची शिस्त डोळ्यांनी शिकता येते, आणि आपल्या वर्गातील निम्म्या मंडळींना ती भाषाही येत असते.

बाहेरचा मार्गदर्शक वर्षातून आठवडाभर यावा. रोजचा वर्ग मात्र गावच्या शिक्षकाने चालवावा. शिक्षकाला वेळापत्रक पाळण्याची सवय असते, लिहून घेण्याचा सराव असतो आणि घरोघर त्याची ओळख असते. त्याने फक्त एक सवय या दोन तासांपुरती बाजूस ठेवावी, ती म्हणजे लाल पेन्सिलीची. वर्गातील माणूस बोलत असताना त्याचे व्याकरण दुरुस्त करू नये.

साहित्यसंस्थांकडून आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक वर्गाच्या अखेरीस जे प्रवेश तयार होतील, त्यांच्या हस्तलिखितांची एक प्रत संस्थेने मागवून जपून ठेवावी, आणि त्यांतील निवडक प्रवेश, बोलीत आणि बोलणाऱ्याच्या नावासह, आपल्या नियतकालिकात छापावेत. शब्द लिहून घेणाऱ्याचे नाव खाली लहान अक्षरांत आले तरी चालेल. भालकीच्या ज्या शेतकऱ्याने आयुष्यात मराठी पत्र लिहिले नाही, त्याचे नाव नाटककार म्हणून छापलेले त्याच्या नातवाने वाचून दाखविले, तर त्या घरात मराठी आणखी एक पिढी तरी टिकेल. येत्या फेब्रुवारीपूर्वी आपापल्या तालुक्यात एक खोली, एक लेखनिक आणि दहा माणसे जमविण्याचे काम प्रत्येक सभासदाने अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.